सावडीवर चढलेली रेघ

आमच्या कारखान्याच्या कँटीनबाहेर मोठा टीव्ही लावला, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता क्रिकेट बघायला मिळणार. कपाळ! त्यावर तीन रेघा आल्या. एक जर्मनीतल्या कारखान्याची, एक कोरियातल्या आणि एक आमची, महाड औद्योगिक वसाहतीतली. मालक एकच, तिन्हीकडे रसायनही तेच. खाली लिहिलेलं, दर माणशी उत्पादन. जर्मनीची रेघ उंच, कोरियाची भराभर चढणारी, आणि आमची डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी जागची हलायला तयार नाही.

मी तिथे प्रयोगशाळेत आहे, नमुने तपासते. माझा नवरा त्याच कारखान्यात रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर. रिअ‍ॅक्टर म्हणजे न्हाणीतल्या बंबाचा थोरला भाऊ समजा, फक्त हा भडकला तर आंघोळीचं पाणी तापून भागत नाही.

पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना टीव्हीसमोर उभं केलं. म्हणाले, "ज्या देशात एकेका माणसाच्या हातून दरवर्षी जास्त काम निघतं, तो देश पुढे जातो. कोरियाही एके काळी आपल्यासारखाच होता. आपली रेघ अशीच राहिली, तर इथली लाइन बंद करून माल तिकडेच काढतील." मग जर्मनीचा व्हिडिओ दाखवला. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एक माणूस, हातात कॉफीचा कप. रिअ‍ॅक्टर तापला की गार पाणी आपोआप सुटतं, त्याला बोटसुद्धा लावावं लागत नाही. आमच्याकडे एक जण शिडीवर चढून झाकणातून पावडर ओततो आणि दुसरा खाली तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी उभा राहतो. ती यंत्रं इथे कधी येणार, हे साहेबांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. आमचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. वाडीतली बहुतेक तरणी माणसं मुंबईला. तळीये गावावर दरड कोसळल्यापासून यांनी ठरवलेलं, पावसाळ्यात म्हाताऱ्या आईबापांना एकटं टाकून कुठे जायचं नाही. लाइन बंद झाली की ते ठरवणं संपलं.

मग यांनी आणि पाळीतल्या बाकीच्या माणसांनी जे केलं, ते आमच्याच मुलखातल्या माणसांना सुचावं. त्यांनी सावड घातली.

लावणीला आम्ही मजूर लावत नाही. आज सगळी वाडी माझ्या शेतात, उद्या मी शेजारणीच्या शेतात. पैसा नाही, हिशोब नाही, पण फेडायचं कुणी चुकवत नाही. तेच यांनी कारखान्यात सुरू केलं. पाळी संपली की सुटल्याचा पंच मारायचा आणि बस सुटेपर्यंत मागे राहून पुढच्या पाळीच्या माणसांना हात द्यायचा. ड्रम ओढायचे, रिअ‍ॅक्टर धुवायचा, व्हॉल्व्हपाशी उभं राहायचं. कागदावर माणसं तेवढीच, माल मात्र कितीतरी जास्त.

म्हैस उठली. उठली कसली, धावत सुटली! साहेब टीव्हीपुढून हलेनात.

 मी मात्र यांना म्हटलं, "अहो, ही मागे राहणारी माणसं कुणी मोजतच नाही. उद्या ते म्हणतील, एवढ्या थोड्या माणसांत होतं, मग बाकीची हवीत कशाला?"

"सावडीला आलेली मानसं मोजतात काय गो? लावणीला आलेल्यांना तू कधी मोजलंस?"

"तिथे शेत आपलं असतं. हा कारखाना कुणाच्या बापाचा आहे?"

"बंद पडला तर मी मुंबईला. मग सासूसासऱ्यांना घेऊन तू एकटी. तसं चालंल तुला? नाय ना? मग गप ऱ्हा."

मी गप्प राहिले नाही. भांडले, दोन दिवस अबोला धरला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

वर्ष सरलं तेव्हा टीव्हीवर जाहीर झालं की वाढीचा वेग तीन देशांत आमचाच सगळ्यांत जास्त. पेढे वाटले. हे पेढ्याचा पुडा घेऊन घरी आले आणि देवापुढे ठेवून मला म्हणाले, "बघ, उगाच घाबरत व्हतीस." त्या रात्री ते पोटभर जेवले. मी माझा पेढा सासूबाईंना दिला.

पेढ्यांची चव तोंडात होती तोवरच हुकूम आला. एका रिअ‍ॅक्टरला आता एकच माणूस. तिकडच्या मोठ्या लोकांचं म्हणणं, तुम्हीच तर करून दाखवलंत. निम्म्या लोकांना घरी बसवलं. उरलेल्यांना ताकीद मिळाली, पंच मारला की लगेच फाटकाबाहेर. सावड करणारं कुणी राहिलंच नाही. जर्मनीतल्या त्या माणसाच्या मागे यंत्र होतं, आमच्या माणसाच्या मागे सावडीचा माणूस होता, आणि तोच काढून टाकला. आपल्याच हातांनी आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय!

लाइन वाचली, यांची नोकरीही वाचली. मग महिन्याभरात यांच्याकडे दोन रिअ‍ॅक्टर आले. शिडीवर हेच, खाली व्हॉल्व्हपाशीही हेच. पावडर ओतताना काटा वर गेला की धडाधड शिडी उतरायची. एकदा मनगट भाजून आले. मी हळद लावताना विचारलं, "उतरायला उशीर झाला तर?" त्यांनी मनगट सोडवून घेतलं आणि बाहीखाली झाकलं. 

दुसऱ्या दिवशी मी डबा भरत असताना खाली मान घालून म्हणाले, "तुला नमुना न्यायला आत सोडतात ना? जेवणाच्या सुट्टीत जरा येऊन उभी राहशील काय गो? तेवढ्यात मी पावडर वतून घेतो."

ज्या गोष्टीवरून मी वर्षभर भांडले, तीच ते मला करायला सांगत होते. मी उभी राहिले तर रेघ आणखी चढणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण नवरा शिडीवर असताना खाली कुणी नाही, हे डोळ्यांसमोर आलं की रेघ गेली चुलीत. मी गेले. एका हातात नमुन्याची बाटली, दुसरा हात व्हॉल्व्हवर. काटा चढायला लागला, मी चाक फिरवलं, ते जागचं हलेना. बाटली खाली टाकून दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे पाणी सुटलं. वरून हे ओरडले, "हाय ना गो तिथं?" "आहे, आहे," मी चाक न सोडता ओरडले.

तेव्हापासून रोज जाते. जेवणाची सुट्टी माझीच, त्यामुळे मलाही कुणी मोजत नाही. परवा साहेब टीव्हीपुढे यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "एक माणूस आणि दोन रिअ‍ॅक्टर! जर्मनीला गाठलंत तुम्ही."

सोमवारपासून यांच्याकडे तिसरा रिअ‍ॅक्टर आहे. त्याच्या व्हॉल्व्हपाशी कुणी नाही.