सलूनचा राहिलेला न

पेंटरांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शब्दाची वरची रेघ आधी, पूर्ण लांबीची, एका दमात ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, ही त्यांची पद्धत. समोरच्या सलूनच्या पाटीवर रेघ झाली, स झाला, लू झाला आणि अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडला. न राहिला. सलूनवाल्यानं दुसरा पेंटर लावला नाही, पाटी तशीच टांगली. गल्ली त्याला ‘सलू’ म्हणायला लागली, तरी पठ्ठ्या हटला नाही.

पेंटरांनी मात्र हाय खाल्ली. “ब्रश टाकून दे,” ते बायकोला म्हणाले. ती ‘बरं’ म्हणाली. नवऱ्याचं सगळंच ऐकलं असतं तर तिचा संसार केव्हाच बुडाला असता. तिनं ब्रश तेलात भिजवून माळ्यावर ठेवले.

डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता, त्याचा पेंटरांना कंटाळा. मग लेकीनं आपला व्हिडिओ गेम टीव्हीला जोडून दिला. पहिला गेम महागडा, नावाजलेला. बटणंच बटणं, नुसता गोळीबार. पेंटरांनी कंट्रोलर खाली ठेवला. दुसरा लेकीनं एका दाढीच्या पैशात घेतला. कुणा दोघी बहिणींनी घरी बसून बनवलेला. एक भिंत, एक गोगलगाय. ऊन यायच्या आत तिला वरच्या कुंडीत पोचवायचं. ती जाईल तिथे चमकती रेघ उमटते. उजव्या अंगठ्यानं एक दांडी हलवायची, बस्स. असलं खूळ मोठ्या कंपनीच्या डोक्यात आलंच नसतं.

पेंटर रोज खेळायचे आणि रोज हरायचे.

“अहो, कुंडी वर आहे,” बायको म्हणायची. “आडवे कुठे चाललात?”

“चाललोय.”

हाताबरोबर डोकंही गेलं की काय, या भीतीनं ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

एका सकाळी सलूनवाला नेहमीसारखा घरी येऊन पेंटरांची दाढी करत होता. पेंटरांच्या हातात कंट्रोलर होताच. गोगलगाय आडवी गेली, भिंतभर, सरळ. थोडी मागे फिरली, तळापर्यंत उतरली, पुन्हा अर्ध्यावर चढली, डावीकडे सरकली आणि तिथे गोल गाठ मारून थांबली. ऊन आलं. पेंटर पुन्हा हरले.

सलूनवाल्याचा वस्तरा जागीच थांबला.

“वहिनी,” तो म्हणाला, “हा माझा न आहे.”

टीव्हीकडे बघताना बायकोला हुंदका आवरेना. डोळे पुसत ती स्टुलावर चढली आणि माळ्यावरून ब्रश काढले.

“कडक झाले असतील,” पेंटर म्हणाले. त्यांनी उजव्या अंगठ्यानं ब्रशचे केस दाबून पाहिले. मऊ होते. ते बराच वेळ दाबत राहिले.

“टाकून दे म्हटलं होतं ना?”

“म्हटलं होतंत.”

“सलू,” पेंटर म्हणाले, “पाटी खाली उतरव. पण आधी ही दाढी पुरी कर.”