झुंजार एफसीचा पहिला (आणि एकमेव) सीझन

माणूस जिंकत असला की त्याच्याकडे सांगण्यासारखं फार काही उरत नाही. स्कोअर सांगितला, विषय संपला! हरणाऱ्याचं तसं नसतं. त्याला प्रत्येक मॅचनंतर काहीतरी कारण द्यावं लागतं, आणि कारणं साठत गेली की त्यांचे किस्से होतात. आमच्या सिंगापूरच्या मराठी फुटबॉल क्लबने संपूर्ण सीझनमध्ये एकच मॅच जिंकली. तीसुद्धा समोरची टीम आलीच नाही म्हणून. त्यामुळे किश्शांच्या बाबतीत आम्ही बरेच श्रीमंत आहोत.

सुरुवात नावापासून झाली. आमचा कप्तान मंदार पुण्याचा, इथे आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. त्याच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटवर पहिली मीटिंग झाली आणि तीन तासांच्या चर्चेनंतर नाव ठरलं : झुंजार एफसी. फॉर्म भरला, पाठवला.

लीगचं टाइमटेबल आलं. त्यात आमचं नाव छापलं होतं, "जून जार".

मंदारने लगेच फोन केला. ऑफिसातली बाई म्हणाली, "सॉरी सर, सिस्टीम ऑलरेडी लॉक्ड."

पहिल्या मॅचला समोरच्या कप्तानाने हात मिळवताना अदबीने विचारलं, "सो युअर कंपनी मेक्स... बरण्या?" म्हणजे तो 'जार्स' म्हणाला. मंदार नाही म्हणणार, तेवढ्यात आमचे मॅनेजर पुढे झाले आणि म्हणाले, "येस. व्हेरी स्ट्राँग!"

*

हे मॅनेजर म्हणजे नार्वेकर काका. वय अडुसष्ट. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसातून रिटायर झालेले, इथले सिटिझन. आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही, पण जुन्या इंग्लिश क्लबांचा इतिहास तोंडपाठ. कुठल्याही पराभवानंतर काका आम्हाला गोल करून उभे करायचे आणि सांगायचे, "अरे, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधले मोठमोठे क्लब असेच सुरू झाले. चिखलातली मैदानं, उतारावरची मैदानं! खानावळीच्या मागच्या खोलीत कपडे बदलायचे. पहिल्या सीझनला सगळे मार खायचे."

पाच-सहा वेळा हे ऐकल्यावर उमेशने विचारलं, "काका, मग ते जिंकाय कधी लागले?"

काकांनी आठवून पाहिलं. "तेरा वर्षांनी."

*

आता उमेशबद्दल सांगायलाच हवं. आमच्यात फुटबॉल येणारा तो एकटा. कोल्हापूरचा. तिथे गल्लीगल्लीत टीम असते आणि पेठेच्या मॅचला अख्खं गाव लोटतं, हे आम्हाला त्याच्याकडून कळलं. बाकी आम्ही सगळे पुण्या-मुंबईचे, क्रिकेटवर वाढलेले, बँकांत नाहीतर आयटीत. मी अकाउंटंट. मला गोलकीपर केलं, कारण मंदारच्या मते माझ्यामुळे जागा जास्त अडते.

पहिल्या प्रॅक्टिसच्या आधी मंदारने बावीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन दाखवलं. फॉर्मेशन, रोल्स, रिस्क. शेवटची स्लाइड होती, "प्रश्न?"

उमेशने हात वर केला. "बॉल आणलाय का?"

कुणीच आणला नव्हता.

*

दुसरी मॅच क्लेमेंटीच्या अंकल लोकांशी होती. सगळे साठीच्या पुढचे. कुणी रिटायर्ड शिक्षक, कुणी टॅक्सीवाला. एकाच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे. आम्ही मनातल्या मनात थोडे ओशाळलो. "फार गोल नका करू रे," मंदार म्हणाला, "बरं दिसत नाही."

हाफटाइमला ४-०. अर्थात त्यांचे चार!

ते पळतच नव्हते. आपापल्या जागी उभे राहून एकमेकांना बॉल देत होते आणि पळापळ आमची चालली होती. त्यांचा कप्तान मला जवळ येऊन समजावून सांगायला लागला, "यू ऑल रन टू मच लाह. नॉट मॅरेथॉन."

मंदारची आई तेव्हा पुण्याहून दोन महिन्यांसाठी आली होती. बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा घेऊन ती मॅचला आली. हाफटाइमला आम्ही आशेने डब्याकडे पाहिलं, तर माऊली तो घेऊन सरळ पलीकडे गेली आणि अंकल लोकांना आग्रह करकरून वाढायला लागली. "म्हातारे आहेत रे बिचारे. उन्हाचं खेळतायत. तुम्हाला काय, घरी रोजचंच आहे."

एकेकाने तीन-तीन लाडू खाल्ले. साजूक तुपातले.

सेकंड हाफला त्यांना जागचं हलवेना. गुडघ्याला पट्टेवाले अंकल तर गोलपोस्टला टेकून डोळे मिटून उभे होते. आम्ही तीन गोल केले! मॅच ४-३ने हरलो, पण सीझनमधला तो आमचा सर्वोत्तम अर्धा तास.

मॅच संपल्यावर सगळे मंदारची पाठ थोपटत होते. नार्वेकर काका मात्र त्याच्या आईपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, परतीचं तिकीट पुढे ढकलता येईल का?"

*

सिंगापुरात वीज चमकण्याची शक्यता असली की मैदानावर सायरन वाजतो. वाजला की सगळ्यांनी खेळ थांबवून आत जायचं. लीगचा नियम असा, की सेकंड हाफ सुरू व्हायच्या आत मॅच थांबली तर ती रद्द, पुन्हा पहिल्यापासून खेळायची.

एका चायनीज टीमविरुद्ध आम्ही अर्ध्या तासात ५-०ने मागे होतो आणि सायरन वाजला!

आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. मंदारने टीशर्ट काढून फिरवला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या जॉगिंग ट्रॅकवरून चाललेल्या दोन बायका थांबून टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांना वाटलं, आम्ही कप जिंकला.

पुढच्या रविवारी मॅच पुन्हा झाली. लख्ख ऊन. ८-० हरलो. उमेश मैदानाबाहेर येता येता म्हणाला, "पाचवरच पदरात घेतलं असतं तर बरं झालं असतं."

*

सीझनच्या मधोमध आम्हाला आमचं स्वतःचं मैदान मिळालं. स्वतःचं म्हणजे दर रविवारी सकाळी आठ ते दहा. जुरोंग ईस्टला, गोदामांच्या मागे. एका बाजूला इतका उतार, की कॉर्नर घ्यायला बॉल ठेवला की तो आपणहून निघून जायचा. काका तो उतार पाहून गहिवरले. "अगदी इंग्लंड!"

नव्या मैदानाचा मुहूर्त नारळाशिवाय कसा होणार? काकांनी धोतर नेसलं, कपाळाला गंध लावलं आणि गोलपोस्टवर आपटायला नारळ उचलला. तेवढ्यात मैदानाचे केअरटेकर रहमान अंकल हातातला झाडू टाकून धावत आले. "अंकल! कॅनॉट, कॅनॉट! गोलपोस्ट स्पॉइल, आय काना स्कोल्डिंग!" म्हणजे शिव्या त्यांना खाव्या लागणार होत्या.

काका म्हणाले, "धिस इज फॉर गॉड."

रहमान अंकलनी जरा विचार केला. मग नारळ हातात घेतला, खोलीतून कोयता आणला, उलट्या बाजूने तीन टोले दिले आणि नारळाचे दोन सरळ भाग काकांच्या हातावर ठेवले. आमच्यापैकी कुणालाही जन्मात इतका नीट नारळ फोडता आलेला नाही.

काकांनी अर्धा नारळ प्रसाद म्हणून त्यांनाच दिला. दुसऱ्या रविवारी रहमान अंकल भेटले ते हसतच. "माय वाइफ पुट इन द मटन रेंदांग. व्हेरी गुड. धिस वीक गॉड नो नीड?"

*

आम्ही जिंकलो त्या मॅचला माझी बारा वर्षांची लेक आली होती. समोरची टीम आली नाही. रेफ्रीने घड्याळ बघून शिटी वाजवली आणि आम्हाला विजयी घोषित केलं. मी धावत तिच्याकडे गेलो. म्हटलं, "बघितलंस? जिंकलो!"

ती मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली, "बाबा, यू ऑल प्ले बेस्ट लाइक धिस."

*

आणि मग शेवटची मॅच.

तळाला दोनच टीम उरल्या होत्या : आम्ही आणि एका हॉस्पिटलमधल्या फिलिपिनो नर्सेसची टीम. सगळे पुरुष नर्स, नाइट ड्यूटी करून सरळ मैदानावर आलेले. जो तळाला राहील तो लीगबाहेर, आणि त्याची मैदानाची वेळ वेटिंग लिस्टवरच्या टीमला जाणार. आम्हाला बरोबरी पुरेशी होती.

त्या दिवशी आम्ही खरंच खेळलो. उमेशने असा गोल मारला की त्यांच्याच कीपरने टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी एक केला. १-१. शेवटचं मिनिट.

त्यांच्या एकाने लांबून फटका मारला. बॉल वरच्या दांडीला लागला, खाली आपटला, बाहेर आला. मी झेप घेऊन पडलो होतो, तोंड मातीत. बॉल लाइनच्या आत आपटला की बाहेर, मला काही कळलं नाही. रेफ्री उतारावर घसरून पडला होता, त्यानेही पाहिलं नव्हतं.

तिकडून अकरा जण ओरडत होते, "गोल!" इकडून उमेश अर्ध्या मैदानातून धावत आला. "नो गोल! नो गोल! आउटसाइड! आय स्वेअर!"

रेफ्रीने मला विचारलं. मी खरं ते सांगितलं.

मग त्याचं लक्ष खांबाला धरून उभ्या असलेल्या शिरीषकडे गेलं. शिरीष आमचा डिफेंडर. मितभाषी माणूस, बँकेत कंप्लायन्सला. दुसऱ्यांनी केलेली कामं नियमांत बसतात का, एवढंच दिवसभर तपासायचं. बॉल आपटला तो त्याच्यापासून हातभर अंतरावर.

"सर, यू वेअर निअरेस्ट. इन ऑर आउट?"

काकांनी डोळे मिटून घेतले. उमेशचं "नो गोल! नो गोल!" तेवढं चालू होतं.

शिरीष म्हणाला, "इन."

२-१. लीग गेली, मैदान गेलं. नर्सेसनी शिरीषला खांद्यावर घेतलं. तेही तो नको नको म्हणत असताना.

परतताना आम्ही एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडली. उमेश मुद्दाम शिरीषच्या शेजारी बसला होता, पण तोंड फिरवून. दार बंद झालं, गाडी सुटली. शिरीषने बॅगेतून डबी काढली, डबीतून जाड काचांचा चष्मा काढला, टीशर्टला पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

उमेश हळूहळू वळला.

"शिऱ्या, तू चष्मा न लावता खेळतोस?"

"हो. फुटला तर?"

"मग तुला बॉल दिसला?"

"छे!"

"मग 'इन' कशाला म्हणालास, लेका?"

शिरीषने चष्मा नाकावर नीट बसवला, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "तू फारच जोरात 'नाही' म्हणत होतास रे."