कडवं तिचं, धृपद आमचं

गाणं संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या की आत्या चिडायची. "टाळी गाण्यात द्या. नंतरची टाळी म्हंजे जेवण झाल्यावर वाढलेलं मीठ!" असं माइकवरूनच सुनावायची. साऱ्या वाडीची ती आत्या. दिवसभर काजूच्या कारखान्यात बिया फोडायची, आणि जयंतीला, लग्नात, नामकरणात स्वतः रचलेली गाणी म्हणायची. काजूच्या तेलाने काळी पडलेली बोटं माइकभोवती घट्ट आवळलेली असायची.

तिच्या गाण्याच्या पार्टीत एक पेटी, एक ढोलकी. कोरस नाही. कोणी विचारलंच तर समोरच्या माणसांकडे बोट दाखवायची, "ह्यो काय, एवढा मोठा बसलाय!" कडवं तिचं, धृपद आमचं, हा वाडीचा रिवाज. हातात कागद कधी नाही. "कागदात बघितलं तर तुमच्याकडं कोण बघणार?" मध्येच अडली तर वाडी धृपद उचलायची, तिला आठवेपर्यंत फिरवत ठेवायची, आणि आत्या हसत पुढच्या कडव्यात शिरायची. अडण्याची आमच्याकडे नामुष्की नव्हती, मजा होती. म्हाताऱ्या मुद्दाम ओरडायच्या, "अडली गो, अडली!"

गेल्या जयंतीला तिला शहरातल्या मोठ्या कार्यक्रमात बोलावलं. गाणं तिच्या आईवरचं, खाणीत डोक्यावर चिरे वाहणाऱ्या आईवरचं. आम्हाला पाठ असलेलं. पण त्याला तिने शेवटी एक नवं कडवं जोडलं होतं. पोटच्या मुलीलाही ऐकवलं नव्हतं. "नवीन कडवं माणसांतच उघडायचं," म्हणाली.

आणि नेमकी तिथेच अडली.

तिने सवयीने खाली बघितलं. खाली फोन, रांगांमागून रांगा वर धरलेले, वाडीतून तिला ऐकायला गेलेल्या आमच्या माणसांचेही. मी उठून धृपद धरलं. पुढचा तरुण वळून म्हणाला, "ओ ताई, गप बसा ना, तुमचा आवाज येतोय रेकॉर्डिंगमध्ये." म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमात गायचं नाही! मी गातच राहिले, पण एकटीचा आवाज स्टेजपर्यंत पोचला नाही. ढोलकीने थोडी वाट पाहिली, मग तीही थांबली. आत्याने हात जोडले आणि ती खाली उतरली. ती घरी पोचायच्या आधी क्लिप वाडीत पोचली होती. वर लिहिलेलं, "आत्या हँग झाली", खाली हसणारी तोंडं. टाकणारे परके नव्हते, आपलेच होते. हे लिहायला मला मुळीच संकोच नाही.

मी संतापून पत्रक लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. "बरं लिवलंस. पण पत्रकानं कोण गातंय व्हय गो?"

"ते कडवं आठवलं का नंतर?"

"रिक्षात बसल्या बसल्या आठवलं."

"मग म्हण ना."

"तुज्या एकटीसमोर? परत अडले तर तू एकटी काय काय उचलशील? धृपद धरणारी माणसं आण. फोन घरी ठेवून आण. मंग म्हणतंय."

मी घरोघर फिरले. कोणी नाही म्हणालं नाही, हेच तर दुःख. "येतो की! लाइव्हच करू, मुंबईवाल्यांनापण दिसेल." मी भांडले. निम्म्या घरांशी बोलणं तुटलं. माणसं जमवता जमवता आंब्याचा हंगाम सरला. आत्या तोवर घरातही गुणगुणायची बंद झाली होती, असं तिची मुलगी सांगायची. भातलावणीच्या दिवसांत एका सकाळी चहा गाळता गाळता आत्या खाली बसली, ती उठलीच नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या आठवणीसाठी सारी वाडी जमली तेव्हा, अंगण भरलं होतं. बुद्धवंदना झाली आणि तिच्या मुलीने विचारलं, "आईचं शेवटचं कडवं कोणाकडं हाय का?"

हात खिशांकडे गेले. सगळे खाली माना घालून शोधत बसले, आणि ज्याच्या त्याच्याकडे एकच क्लिप निघाली, तीच. मुलीने कुणाचा तरी फोन हातात घेतला. पुन्हा पुन्हा तेच बघत राहिली. ढोलकी वाजते आहे, आत्या उभी आहे, आणि आमच्याकडे बघत थांबली आहे.