थर्माकोलच्या वाट्या गेल्या त्या दिवशीची हलीम

रमजानात आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या ओट्यावर अब्बा हलीम विकायचे. गहू, डाळी आणि मटण पहाटेपासून देगेत शिजत असायचं, आणि दुपारी नमाज झाली की गिऱ्हाइकं यायला लागायची. रोजा सोडायच्या आत सगळी देग रिकामी. बसून खायला जागा नव्हतीच, सगळं पार्सल. आणि पार्सल म्हणजे थर्माकोलची झाकणवाली वाटी.

अब्बांना त्या वाट्या फार आवडायच्या. पांढऱ्याशुभ्र, हलक्या, धुवायची कटकट नाही. अम्मीला मात्र त्यांचा राग होता. एकदा घरच्या वाटीत उरलेली हलीम तिनं पातेल्यात काढली, तर वाटीचा तळ आतून खरबरीत झालेला. गरम तुपानं तो खाल्ला होता. मग तो गेला कुठं, पोटातच ना, असं तिनं विचारलं. सगळेच यातच देतात, असं म्हणून अब्बांनी विषय संपवला. बंदी आल्याचं आम्हाला ठाऊक होतं, पण आमच्या गल्लीत ती कुणी मनावर घेतली नव्हती.

त्या दुपारी महापालिकेची दोन माणसं आली. आवाज चढवला नाही की काही नाही. अशा वाट्यांत गरम खाणं चांगलं नाही, तुमच्यासमोरची गटारही यांनीच तुंबते, हे त्यांनी अब्बांना नीट समजावून सांगितलं, आणि कोपऱ्यातली वाट्यांची पोती उचलून गाडीत टाकली. अब्बा स्टुलावर बसून राहिले. तोंडाला पाणी लावायची सोय नाही, समोर काठोकाठ भरलेली देग, आणि द्यायचं कशात?

अम्मी विक्रीच्या वेळी कधी ओट्यावर येत नसे. त्या दिवशी ती पदर खोचून बाहेर आली आणि अब्बांना म्हणाली, "लोगां के घर में बर्तनां नहीं क्या?"

अम्मीनं मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला मोबाइल काढायला लावला. मी तेव्हा कॉलेजात होते. आम्ही मोहल्ल्याच्या ग्रुपवर लिहिलं, 'आज हलीम हवी असेल तर घरचा डबा घेऊन या.' तेवढ्यावर भरवसा न ठेवता दोघी गल्लीगल्लीतून दारं वाजवत सुटलो. उपाशी पोटी इतकं पळूनही मला दम लागला नाही.

परत आले तर समोरच्या अक्का ओट्यावर उभ्या. त्या तेलुगू, घरात पिढ्यान् पिढ्या विणकामाचा माग. त्यांच्या महिला मंडळाची कार्यक्रमाची स्टीलची भांडी त्यांच्याच माळ्यावर असायची. झाकणाच्या डब्यांची टोपलीच त्यांनी आणली होती.

"लांबचं गिऱ्हाईक मोकळ्या हातानं येईल की, भाबी. त्याला ह्यात द्या," त्या म्हणाल्या.

"अन् परत नाही आणले तर?" अब्बांनी विचारलं.

"आणतील. खाल्लेलं भांडं कोण ठेवून घेतंय?"

आणि मग लोक आले. असे आले की ओट्यासमोर स्कूटर लावायला जागा उरली नाही. कुणी टिफिन आणला, कुणी कुकर, कुणी नव्या नवरीच्या रुखवतातला तांब्याचा डबा. एक चाचा चहाची किटली घेऊन आले. हलीम तोटीतून बाहेर कशी येणार, असं बहिणीनं विचारलं, तर म्हणाले, वरून खाऊ. रांगेत हसू पसरलं. मी अब्बांकडे पाहिलं, तर तेही हसत होते. रोज घाईनं वाट्या भरणारे अब्बा आज पळी वर धरून विचारत होते, तळलेला कांदा वर टाकू की बाजूला? लिंबू पिळू? भांड्याचं तोंड मोठं, त्यामुळे सगळं नीट मांडता येत होतं. अम्मी त्यांच्या शेजारी उभी राहून झाकणं लावत होती, आणि येणाऱ्या बायकांशी अशी बोलत होती की जणू वर्षानुवर्षं तिथंच उभी होती.

देग रोजच्यापेक्षा लवकर संपली. घरच्यांसाठी बाजूला काढायचं सगळेच विसरलो. अजान झाली तेव्हा आम्ही चौघांनी खजूर तोंडात टाकला आणि देगेचा तळ खरवडून खाल्ला. अक्कांनी घरची ज्वारीची कडक भाकरी पाठवली होती, ती त्याच्याशी काय लागली म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी डबे परत यायला लागले. काही घासून लख्ख केलेले, काहींत शेवया. एक डबा तेवढा हरवला. तो अम्मीनं नवा आणून अक्कांच्या टोपलीत ठेवला. त्याच आठवड्यात अब्बांनी स्वतःचे स्टीलचे डबे आणले आणि मोकळ्या हातानं येणाऱ्यांना ते द्यायला सुरुवात केली. पलीकडच्या गल्लीतले दोन हलीमवाले हे कसं जमतं ते बघायला येऊन गेले.

अम्मी आता दर रमजानात ओट्यावर उभी असते. गिऱ्हाईक वळणावर दिसलं की हातातल्या भांड्यावरून ओळखते आणि अब्बांना आधीच सांगते, ह्यांना तिखट कमी.