मनमाड लिहिता येतं, नाशिक नाही

मी शाळेत मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी एका सकाळी कणीक मळताना उजवा हात परातीतच राहिला, वर उचलेना. लकव्याचा झटका होता. बोलणं परत आलं, हळूहळू चालणंही आलं. हात मात्र फारसा आला नाही.

शाळेनं सांभाळून घेतलं. प्रश्न होता लिहिण्याचा. डाव्या हातात पेन धरलं की अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी यायची, म्हणून घरातला जुना लॅपटॉप काढला. पण मराठी कीबोर्डवर कितीतरी अक्षरं शिफ्ट दाबून धरल्याशिवाय उमटत नाहीत. हात एकच, शिफ्ट धरावी तर दुसरी कळ निसटायची. माझं माहेर मनमाडचं. 'मनमाड' बिनशिफ्टचं, ते सरळ लिहिता यायचं. 'नाशिक' लिहायला घेतलं की 'शि'पाशी अडायचे. 'आई' तर मुळीच नाही.

"तू सांग, मी टाइप करतो," मिस्टर म्हणाले. मनापासून करायचे, पण माझी वाक्यं सुधारत सुधारत.

"मी असं सांगितलं नव्हतं."

"अगं, असंच बरं वाटतं."

मी आतून चिडायचे.

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर निफाडचे. एकदा नाशिकला, इंदिरानगरच्या आमच्या घरी भेटायला आले, तर लॅपटॉप सुरू होईपर्यंत त्यांचा चहा पिऊन झाला. "बाई, यात विंडोजऐवजी लिनक्स टाकू का? फुकट असतं, आणि जुन्या मशीनवर लय छान चालतं."

"आता नवं काही शिकायचं नाही हो, सर."

"शिकू नका. तुमच्या हाताला सोयीचं करून घेऊ."

लिनक्समध्ये पडद्याचं रूप आपल्याला निवडता येतं; सर त्याला डेस्कटॉप म्हणत होते. त्यांनी दोन-तीन दाखवले. एकात खिडक्या अशा सुळकन सरकायच्या की मला गरगरलं. मी सगळ्यांत साधा घेतला. खाली एक पट्टी, मोठी अक्षरं, बस. मग सरांनी एक सेटिंग चालू केलं. "आता शिफ्ट दाबा आणि सोडून द्या. मग अक्षर दाबा."

श उमटला. मी 'नाशिक' लिहिलं. 'आई' लिहिलं आणि रडायला लागले. सर पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी पुन्हा स्वतःच्या प्रश्नपत्रिका काढू लागले. फक्त एक अडचण होती. लॅपटॉप बंद करून लावला की ते सेटिंग आपोआप निघून जायचं. सरांनाही कारण सापडेना. हा डेस्कटॉप बनवणारे आणि वापरणारे जिथे बोलतात, त्या फोरमवर लिहायला त्यांनी सांगितलं. "तुम्हीच लिहा बाई. त्रास तुम्हाला होतोय, तुम्हालाच नीट सांगता येईल."

माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. कोण, कुठल्या देशातली व्यक्ती, बाई की पुरुष, आजही मला माहीत नाही. तिनं चार-पाच गोष्टी तपासायला सांगितल्या आणि शेवटी लिहिलं, एका हातानं टाइप करताय, तर सावकाश उत्तर द्या, घाई नाही. मी सावकाश उत्तरं दिली. चूक डेस्कटॉपमध्येच निघाली. पुढच्या अपडेटनंतर मी लॅपटॉप बंद केला, परत लावला. सेटिंग जागेवर होतं! मी मिस्टरांना हाक मारून दाखवलं. "आता माझी सुटी," ते म्हणाले, आणि मला वाटलं त्याहून जास्त खूश दिसले.

मी आभार कळवले. तिकडून विचारणा आली, त्या सेटिंगचं मराठी नाव तपासून द्याल का? इंग्रजीत ते 'स्टिकी कीज', म्हणून तिथं 'चिकट कळा' असं लिहिलेलं होतं. वाचून मी इतकी हसले की मिस्टर धावत आले. जणू कुणी जिलबी खाऊन टायपिंगला बसलंय! ज्यानं हे मराठीत आणायचा खटाटोप केला, त्याचेही उपकारच होते. मी बरेच दिवस शब्द घोळवत राहिले, शेवटी 'एकेक कळ दाबा' असं सुचवलं. ते घेतलं गेलं. शिक्षकांच्या खोलीत सरांनी ते आपल्या लॅपटॉपवर सगळ्यांना दाखवलं, "हे आमच्या बाईंचं," म्हणत.