भैरवनाथानं माझ्या हाती पाना दिला

पक्षाघातानं यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यानंतर सहा महिने मी देवापुढं दिवा लावला नाही. सोनारीचा काळभैरवनाथ आमचं कुलदैवत. सासूबाई असत्या तर त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, पण मला खरंच त्याच्याशी बोलायचं नव्हतं. ज्या माणसाचे हात घडीभर रिकामे राहत नसत, त्याचेच हात त्यानं का काढून घ्यावेत, एवढंच मला विचारायचं होतं.

आमची एक जुनी डिझेल जीप आहे. बावीस वर्षं यांनी तिला मेकॅनिकचा हात लागू दिला नव्हता. भूममधल्या आमच्या अंगणात सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडं असायचं आणि हे आत वाकलेले. "आपल्या गाडीचं दुखणं आपल्याला कळलं पाहिजे," असं म्हणायचे आणि मी हसायचे. आजारपणानंतर दवाखान्याच्या खेपांसाठी मी जीप चालवायला शिकले, पण जरा काही वाजलं की तिला सरळ गॅरेजात न्यायची. मेकॅनिक भला माणूस, कधी घरी येऊनही बघायचा. त्यानं बॉनेट उघडलं की हे तोंड भिंतीकडं फिरवायचे. हळूहळू यांनी व्यायाम सोडला, जेवण निम्म्यावर आलं. "यांनी स्वतः मनावर घेतल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. मी जीप विकायचं ठरवलं. निदान ती डोळ्यांपुढं तरी राहणार नाही.

पौषातल्या एका रविवारी सकाळी यांनी डाव्या हातानं माझा पदर ओढला आणि भिंतीवरच्या भैरवनाथाच्या तसबिरीकडं बोट केलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा यांनी काहीतरी मागितलं होतं. देवावर रागावलेली असले तरी मला नाही म्हणवेना. यांना जीपमध्ये शेजारी बसवलं आणि सोनारीला निघाले.

परंडा मागं टाकून सोनारीच्या रस्त्याला लागलो आणि जीप दोन गचके देऊन बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन नुसतं गरगर फिरायचं, सुरू होत नव्हतं. मेकॅनिकला फोन लावला तर तो बार्शीला लग्नात. "वहिनी, संध्याकाळपर्यंत येतो. तुम्ही कशाला हात लावू नका," म्हणाला. दोन मोटारसायकली थांबल्या, हळहळल्या, निघून गेल्या. दोन्ही बाजूंना हरभरा, डोक्यावर ऊन, आणि आत हे. मी रस्त्याकडेला बसून मोठ्यानं रडले. तुझ्याच दारी येत होतो ना आम्ही, असं नाथाला विचारलं.

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. माझ्याकडं तिनं फारसं बघितलंच नाही. जीपजवळ जाऊन ती काचेतून आत बघत राहिली.

"अगं बाई, रडतीस काय? तुजं मालक कवापसनं काच वाजवाय लागल्यात. काय म्हणतेत ते तर बघ!"

मी उठून बघितलं. हे डाव्या हातानं काच बडवत होते आणि बॉनेटकडं बोट दाखवत होते. मी रडत होते, फोन करत होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवत होते. पण शेजारी बसलेल्या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं.

म्हातारीनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. यांना मडगार्डला टेकवून उभं केलं. बॉनेट उघडलं. यांचं बोट डिझेल फिल्टरकडं गेलं, मग हत्यारांच्या पिशवीकडं. मी एकेक पाना दाखवत गेले; चौथ्याला यांनी मान डोलावली. फिल्टरवरचा नट दाखवून यांनी बोट उलटं फिरवलं. मी तो सैल केला. मग फिल्टरजवळचा, डिझेल ओढायचा छोटा हातपंप दाखवला. मी पंप मारू लागले तसं नटातून फेसाळ डिझेल बाहेर आलं. पाइपात हवा शिरली होती, एवढं मलाही कळलं. घाईनं नट आवळायला गेले तर यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"अजून न्हाय म्हणतेत!" म्हातारी हसून म्हणाली.

बुडबुडे थांबल्यावर नट आवळला. सेल्फ मारला. इंजिन खोकलं आणि पुन्हा विझलं. माझं अवसान गेलं, पण यांचं नाही. हे वाकून पाइप बोटानं चाचपत गेले आणि एका क्लिपपाशी थांबले. ती ओली होती. हवा तिथूनच आत जात होती. मी क्लिप घट्ट केली, पुन्हा पंप मारला, नट आवळला आणि यांच्याकडं बघितलं. यांचे ओठ हलत होते. कपाळावर घाम होता.

"मार."

शब्द जड होता, पण लख्ख होता. मी तशीच उभी राहिले. म्हातारीनं मला ढकललं. "अगं, मार म्हणतेत की! बस जा!"

मी सेल्फ मारला आणि जीप धडधडत सुरू झाली. "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" मी अशी ओरडले की शेळ्या उधळल्या. हे हसत होते, तोंड अर्धंच हसत होतं, पण डोळे पुरे. म्हातारीला नाव विचारलं तर म्हणाली, "नाव काय करतीस? शेरडं हरभऱ्यात घुसली बघ!" आणि काठी उगारत पळाली. परतताना प्रसाद द्यायला थांबलो, पण ती दिसली नाही.

गाभाऱ्यात मी काहीच मागितलं नाही. तेलकट हातांनी नारळ ठेवला आणि इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं डोळ्यांवाटे वाहू दिलं. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून कुणाची तरी वाट बघत बसणं, असं मी समजत होते. त्या रस्त्यावर कळलं, की देव असा कुणाच्या तरी तोंडून, कुणाच्या तरी बोटातून सांगतो तेव्हा ऐकायचं असतं आणि आपले हात त्याच्या स्वाधीन करायचे असतात.

जीप विकली नाही. मोठं काम निघालं की अजूनही गॅरेजातच नेतो, पण मेकॅनिक आता आधी यांच्यासाठी खुर्ची मांडतो आणि "दादा, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारतो. बारीकसारीक कामं मीच करते, हे सांगतील तशी. व्यायाम पुन्हा सुरू झाला. "मार"नंतर "थांब" आलं, मग "घट्ट" आलं. आणि गेल्या आठवड्यात यांनी मला माझ्या नावानं हाक मारली. मी तेव्हा जीपखाली होते. तिथंच, पाठीवर पडल्या पडल्या, काळ्या झालेल्या हातांनी मी नाथाला नमस्कार केला आणि मग यांना ओ दिली.