वाऱ्याला पाठ, वाडीकडे तोंड

भोरमध्ये दत्तोबांचं भाड्यानं लाउडस्पीकर द्यायचं दुकान होतं. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी तिथं ऑपरेटर होतो. वायरींचा गुंता सोडवताना एक टोक ओढावं तर दुसरंच हातात येतं, आमच्या दुकानाचे किस्सेही तसेच! बहुतेक हसायचे आहेत. शेवटचा सांगताना मला अजून घाम फुटतो.

*

आंबवड्याला लग्न होतं आणि वारा सुटलेला. मांडवात मंगलाष्टकं कुणाला धड ऐकू येईनात. पुढे दत्तोबांनी माइकवर "पहिली पंगत बसतीय, चला" म्हणून हाक दिली, तीही वारा घेऊन गेला. थोड्या वेळानं टेकडीपलीकडची अख्खी वाडी तांबे घेऊन हजर! वधूपित्यानं त्यांनाही पंगतीत बसवून वाढलं. दत्तोबा मात्र मांडवामागून पसार झाले होते.

*

निवडणुकीत तर जिवावरच बेतलं. पुढाऱ्यांचं भाषण समोरच्यांना ऐकू येत नव्हतं. ज्यांना ते शिव्या देत होते, ती मंडळी ओढ्यापलीकडे घरात बसून शब्दन् शब्द ऐकत होती. ती काठ्या घेऊन आली तरी पुढारी बोलतच होते. दत्तोबा मला हळूच म्हणाले, "कर्णं ऱ्हाऊ दे हितंच. पळ."

*

त्या सभेला कॉलेजात फिजिक्स शिकवणारे गायकवाड सर होते. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. वाऱ्याविरुद्ध सोडलेला आवाज वर उचलला जातो आणि माणसांच्या डोक्यावरून निघून जातो, वाऱ्याबरोबर सोडला तर खाली वाकून लांब पोचतो, असं त्यांनी समजावलं.

दत्तोबांनी विचारलं, "सर, आवाज म्हंजी काय पतंग हाय व्हय?"

सर गंभीरपणे म्हणाले, "जवळजवळ."

*

मग धरणाचं काम आलं. उन्हाळ्यात पाणी सोडण्याआधी खालच्या वाडीला कर्ण्यावरून इशारा द्यायचा. वाडी नदीच्या पल्याड, उंचावरच्या देवळाभोवती, आणि माणसं दिवसभर कोरड्या पात्रात काकडीच्या वाफ्यांत. माझी धाकटी बहीण सुमन त्याच वाडीत दिलेली. इशारा तिला ऐकू गेला नाही तर काय, या विचारानं मला जेवण जाईना.

वारा कसा असेल तेव्हा कर्णे कुठं, किती उंच, किती झुकवून लावायचे याची गणितं सर मांडत बसले. आकडे हाताबाहेर गेले, तेव्हा पुण्यात सरांच्या एका मित्राच्या संस्थेतल्या कॉम्प्युटरवर सोडवायचं ठरलं. तेव्हा कॉम्प्युटरला गणित द्यायचं ते भोकं पाडलेल्या कार्डांवर. ती कार्डं घेऊन आम्ही एसटी स्टँडवर उभे, तोच वावटळीनं गठ्ठा उधळला! ड्रायव्हर-कंडक्टरसकट सगळे वेचायला धावले. शेवटी एक कार्ड सापडेना. सर पांढरेफटक पडले. एक आजी बाकावर बसून त्याच कार्डानं वारा घेत होत्या.

*

उत्तर आलं. कर्णे अलीकडच्या काठावर, वाऱ्याला पाठ, वाडीकडे तोंड, किंचित खाली झुकवून. आम्ही रोज चाचणी घेऊ लागलो. "पाणी सुटतंय, पात्रातून बाहेर या." सुमननं निरोप धाडला, "दादा, चुलीपाशी बी तुझा आवाज येतो." मला रडूच आलं. पहिल्या दिवशी माणसं पळत बाहेर आली. पुढेपुढे कुणी मानही वर करेना.

*

आणि एके दुपारी खरंच पाणी सुटलं.

दत्तोबा आणि सर शेजारीच उभे होते. मी माइकवर जीव तोडून ओरडलो. सुमननं हात हलवला आणि पुन्हा काकड्या तोडू लागली. दत्तोबा म्हणाले, "सनई लाव. सनईला माणूस उठतंच." लावली.

माणसं उठली. पण कर्णा वाजतोय तिकडे लग्न, हे सगळ्यांना पाठ! पात्रातली माणसं आमच्याकडे निघाली आणि वाडीतली म्हातारीकोतारीही पात्रात उतरली. मी "माघारी फिरा" म्हणून ओरडत होतो, ते हसत येत होते. वरच्या वळणावरून पाण्याचा आवाज येऊ लागला होता.

सरांनी कधीच माइक हातात धरला नव्हता. त्यांनी माझ्या हातातून तो हिसकावला.

"पंगत बसतीय. पल्याड, देवळापाशी. पहिली पंगत."

सगळे थांबले. मग वळले. सुमन पाटी डोक्यावर घेऊन भराभर काठ चढली. शेवटची म्हातारी वर गेली आणि पाणी वाफ्यांवरून धडधडत गेलं.

आम्ही तिघं मटकन खाली बसलो. बऱ्याच वेळानं मी पलीकडे पाहिलं. देवळासमोर अख्खी वाडी नदीकडे पाठ करून, मांडी घालून, ओळीनं बसली होती.

दत्तोबा म्हणाले, "सर, आता वाढणार कोण?"